यसोदादाचं उलटलेलं गाऱ्हाणं

गेल्या रविवारी मळ्यावर यसोदादाला आदरांजली वाहण्याचा कार्यक्रम झाला. मळा म्हणजे आमच्या गावाचं सामाईक मैदान, मधे कुलूप लागलेलं, आता परत उघडलेलं. नाव मळ्याचं, पीक फुटबॉलचं. स्टेजमागे बॅनर होता. बॅनरवर क्लबचे अध्यक्ष दत्तारामशेट होते, एवढे मोठे की नाकातले केससुद्धा गावाला दिसले. शेजारी सेक्रेटरी रोहिदास, तोही तेवढाच. कोणीतरी टेप लावून खात्री करून घेतलेली असणार. आणि खाली कोपऱ्यात, लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' लिहितात तेवढ्या जागेत, यसोदादा. फोटोखाली लिहिलं होतं : 'शांत, संयमी व मितभाषी क्रीडाप्रेमी'.

मी मोठ्यानं हसले.

"आई, लोक बघतायत," सून म्हणाली.

बघू देत. यसोदादा शांत असेल तर आमच्या पेडण्याच्या बाजारातली मासळीवाली मुकी आहे.

मलाही पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. गावातली सगळ्यात जुनी मास्तरीण जिवंत आहे, तिला वापरून घ्यावं, असा विचार. पण दत्तारामशेट एकटेच पाऊण तास बोलले, त्यात यसोदादाचं नाव दोनदा आलं, एकदा चुकीचं. मग रोहिदासला तेवढाच वेळ देणं भाग होतं. माझी पाच मिनिटं त्यात वाहून गेली. ती आता इथं वसूल करते.

मी मूळची डिचोलीची. बाजारपेठेत वाढलेली, ट्रेनिंग कॉलेज केलेली. लग्न होऊन इथं आले तेव्हा वेणीत अबोली, हातात पर्स आणि डोक्यात सुधारणा. इतकी शहाणी मुलगी मी नंतर आयुष्यात पाहिली नाही. प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि पहिल्याच श्रावणात मी ठरवलं की ह्या मागासलेल्या गावात वृक्षारोपण करायचं. मळ्यावर गेले, तर कोणीतरी चुन्यानं सुरेख चौकोन आखून ठेवलेला. मला वाटलं, वा, पंचायत जागी आहे, रोपांसाठी जागा आखून दिली! चौथीचा वर्ग नेला, खड्डे खणले आणि त्या चौकोनात ओळीनं सोळा रोपं लावली. मधोमध एक चुन्याचा ठिपका होता, तिथं जांभूळ.

शेजारच्या घरातला एक काळा, हडकुळा माणूस छत्री घेऊन बघत उभा होता. हा यसोदादा. खासगी बसवर ड्रायव्हर, पेडणे ते म्हापसा. पाऊस पडत होता.

"बाय, तू डिचोलेची मगे?" त्यानं विचारलं.

"हो."

"तुमच्याथंय पेनल्टी एरियात बाग करतत?"

"पेनल्टी एरिया म्हणजे काय?" मी विचारलं.

त्यानं छत्री मिटली आणि पावसात तसाच भिजत घरी गेला. कोणी मेल्याची बातमी ऐकल्यावर माणूस जातो तसा.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं तर सोळाही रोपं गोलपोस्टामागे बांधाच्या कडेनं नीट लावलेली, प्रत्येकाला काट्यांचं कुंपण. पंधरा बकऱ्यांनी खाल्ली. जांभूळ जगली. मी शाळेच्या अहवालात लिहिलं : 'वृक्षारोपण यशस्वी.' तेव्हापासून यसोदादा मला मास्तरीण म्हणायचा. पण त्याच्या तोंडी तो शब्द पदवीसारखा नाही, आजारासारखा यायचा.

यसोदादा स्वतः कधी फुटबॉल खेळला नाही. त्याचा पाय चेंडूला लागलेला गावात कोणी पाहिलेला नाही. मळ्याच्या क्लबची मॅच असली की तो कॉर्नरपाशी उभा राही, बसत नसे, टाळी वाजवत नसे. दुसऱ्या टीमला त्यानं कधी एक वाईट शब्द काढला नाही. "ते भायले. तांका कित्याक गाळी?" त्याच्या सगळ्या शिव्या घरच्यांसाठी राखीव. कोणी चुकला की, "पाय घरा इसारलंय मरे!" कोणी खूपच चुकला तर त्याच्या आईचं नाव घेऊन विचारी, "तिणें तुका जेवण वाडलां काय नाय आज?" आणि आई तिथंच बांधावर बसलेली असे. कौतुकाची त्याच्याकडे एकच पायरी होती. तीन गोल मारणाऱ्यालाही तो एवढंच म्हणायचा, "आज पाय हाडललंय." आज पाय आणलास, एवढं ऐकायला पोरं घामानं निथळत त्याच्या जवळून दोनदोनदा जायची. दत्तारामशेट, तुम्हालाही त्याच्या जवळून जाताना मी पाहिलंय. तुम्हाला तो ते एकदाही म्हणाला नाही.

टीव्हीवरच्या फुटबॉलचा त्याला तिटकारा. माझी नात एकदा परदेशातल्या कुठल्याशा क्लबाचा शर्ट घालून अंगणात फिरत होती.

"थंय तुजो मामा आसा?" त्यानं विचारलं.

"नाही आजोबा."

"मावशी?"

"नाही."

"मगे ते हरले तर रडपाक खंय जातलंय?"

 

आता बसची गोष्ट. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मला शिक्षण खात्याच्या साहेबांनी चार वाजता म्हापशाला बोलावलं होतं. मी शिस्त ह्या विषयावर उत्तरं पाठ करून, इस्त्रीची साडी नेसून यसोदादाच्या बसमध्ये चढले. बस मळ्यापाशी आली आणि थांबली. मला वाटलं, कोणी चढतंय. कोणी चढेना. सगळी बस डाव्या बाजूच्या खिडक्यांना चिकटली आणि गाडी कलली.

"यसोदादा, काय झालं?"

"पेनल्टी आसा."

"मला चारला पोचायचंय!"

"मास्तरणी, म्हापशें खंय पळान जायत नाय. पेनल्टी जातली."

मी उभी राहून बसला भाषण दिलं. वेळेचं महत्त्व, सार्वजनिक वाहतूक, देशाची प्रगती. माझ्या पुढ्यातल्या म्हातारीनं मान न वळवता मला हातानं खाली बसवलं. पेनल्टी झाली. चेंडू बारच्या वरून माझ्या जांभळीत गेला.

यसोदादा स्टिअरिंगवर बसला.  बस सुटली ती सुटली. धारगळला उतरणारे ओरडले, कोलवाळचे ओरडले, कंडक्टरनं घंटा बडवली. तो एकाही स्टॉपला थांबला नाही. सगळ्यांना सरळ म्हापशाला नेऊन उतरवलं आणि मग भानावर येऊन म्हणाला, "तुमी हय कित्याक इल्यात?"

साहेबांसमोर पोचले तेव्हा पावणेपाच. "शिस्तीवर बोलणार होता ना बाई?" साहेब म्हणाले. "उशीर का?" मी खरं ते सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"गोल झाला?"

"नाही."

"मग बसा," ते हळहळून म्हणाले. मला ती जागा मिळाली. पात्रता कशात धरली ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

पण यसोदादाला गावात जो मान होता तो बसमुळे नाही, गाऱ्हाण्यामुळे. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी सातेरी देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस देवीला मोठ्यानं सगळं सांगतो, अडचण, मागणी, वैऱ्याचा बंदोबस्त. आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. हा हुंकार नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही. एकट्यानं घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे नुसती बडबड. आणि एकदा हुंकार पडला की ते शब्द गावाचे झाले, मागे घेता येत नाहीत. हा हुंकार पुरुषांनी द्यायचा. बायकांनी लांब उभं राहून हात जोडायचे. मी लांब उभी राहून नाक मुरडायची. डिचोलीत जणू देव नव्हतेच, अशी!

मॅचआधी मळ्यावर यसोदादा गाऱ्हाणं घालायचा. ऐकायला दुसऱ्या गावची माणसं लवकर यायची.

"बा माये सातेरी, आज तुझी लेकरां मळ्यार उतारल्यांत..."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या गोलकीपराच्या हातांक लोणी लागलां आसात तां पुसून काड..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी सेंटरफॉरवर्डाची नदर बांधार बसलल्या चेडवांवयली काडून चेंडवार घाल..."

"व्हय म्हाराजा!" हा हुंकार सगळ्यात मोठा, आणि बांधावर बसलेल्या पोरी मान खाली घालायच्या.

अशी पन्नासेक वर्षं चालली. क्लब कधी फार जिंकला नाही, पण होता. मग आमच्या भागात विमानतळ आला, किनाऱ्याला हॉटेलं वाढली, आणि जमिनीसारखीच माणसंही भाव खायला लागली. काजूचा धंदा करणारे दत्तारामशेट अध्यक्ष होते आणि मोरजीला टॅक्सी चालवणारा रोहिदास सेक्रेटरी. रोहिदासनं एक हॉटेलवाला आणला, तो म्हणाला, पिवळे शर्ट काढा, निळे घाला, छातीवर हॉटेलचं नाव. दत्तारामशेटनी एक बिल्डर आणला, तो म्हणाला, शर्ट पिवळेच ठेवा, छातीवर माझं नाव. देवीचं नाव छातीवरून काढायचं ह्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. पुढे बॅनरवर कोणाचा फोटो केवढा, ह्यावरून बैठकीत खुर्च्या उचलल्या गेल्या. महिनाभरात एका क्लबचे दोन झाले. नाव एकच, गाव एकच, कमिट्या दोन. ढालींचं कपाट दत्तारामशेटच्या घरी राहिलं आणि चावी रोहिदासकडे. कपाट उघडता येत नव्हतं ह्यांना, आणि चावी लावायला काही नव्हतं त्यांना. दोघेही रात्री शांत झोपत होते, कारण दुसऱ्याला मिळत नाही हीच ढाल.

सख्खे भाऊ वेगवेगळ्या टीममध्ये गेले. यसोदादा दोन्ही घरांत जाऊन दोन्ही बाजूंना शिव्या घालून आला. "कलब तुमच्या बापायचो न्हय," तो म्हणाला. तेव्हा दोघांनी त्याला चहा दिला आणि दोघांनीही एकच विचारलं : "यसोदादा, पयल्या मॅचीक आमचां गाऱ्हाणां तुमीच घालतल्यात मगे?"

पहिली मॅच म्हणजे काय, स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिल्याच फेरीत मळ्याचा क्लब विरुद्ध मळ्याचा क्लब. सगळा गाव लोटला. मीही गेले, जांभळीखाली खुर्ची टाकून. फुटबॉलसाठी नाही. तमाशा बघायला.

यसोदादा मधोमध आला. हातात एकच नारळ. एका अंगाला निळे, दुसऱ्या अंगाला पिवळे.

"बा माये सातेरी, तुज्या एका लेकराची आज दोन जाल्यांत..."

"व्हय म्हाराजा!"

"एकाक मोटेपण जाय, दुसऱ्याक तेच्यापरस मोटेपण जाय..."

"व्हय म्हाराजा!" लोक हसत होते.

"तर ह्या दोगांकय हरव. दोगांकय मातयेत घाल. एकाक सुदीक जिकूक दिव नाका..."

"व्हय म्हाराजा!"

जुनी सवय हो. वाक्य संपलं की हुंकार. म्हणून झाल्यावर लोकांना कळलं आपण काय म्हणालो ते. इतका मोठा जमाव इतका गप्प झालेला मी शाळातपासणीतही पाहिला नाही. यसोदादाचा चेहरासुद्धा पांढरा पडला. तो रागाच्या भरात बोलला होता. त्याला वाटलं असावं की निदान ह्या वाक्याला तरी लोक अडखळतील, कोणीतरी 'नाय' म्हणेल. कोणी म्हणालं नाही.

दोन्ही टीम पाय ओढत खेळल्या. हरायची खात्री असलेला माणूस खेळतो कसा? तर दुसऱ्याला पाडून. अर्ध्या तासात मारामारी जुंपली. पंच मध्ये पडला आणि मग जिवाच्या आकांतानं माझ्या जांभळीवर चढला. माझ्या वृक्षारोपणाचा समाजाला झालेला हा एकमेव उपयोग. दोन आठवड्यांत वरून पत्र आलं : दोन्ही संघ बाद, क्लब निलंबित, मैदानाला कुलूप.

दोघेही हरले. शब्दशः.

आणि जे दोघे वर्षभर एका टेबलावर बसत नव्हते ते, दत्तारामशेट आणि रोहिदास, पहिल्यांदा एका मुद्द्यावर एक झाले. चूक कोणाची? यसोदादाची. ह्याच्या जिभेनं क्लब खाल्ला. देवळात त्याला कोणी गाऱ्हाण्याला उभं करेना. चहाच्या दुकानात तो आला की बोलणं बंद. ज्यांनी खुर्च्या उचलल्या त्यांना कोणी काही म्हणालं नाही, ज्यानं तोंड उघडलं तो पापी. आणि गाऱ्हाण्याला हुंकार अख्ख्या गावाचा होता, हे गाव सोयीनं विसरला.

एके सकाळी त्याची बायको, लक्ष्मीवहिनी, माझ्याकडे आली. पदर तोंडाला.

"मास्तरीण, ह्यांका बरां नाय."

"ताप?"

"ताप नाय गो. शिवी घालीनांत. काल आमटेत मीठ जास्त पडलां, तर म्हणतत, 'आसूं दी.'" आणि ती रडायला लागली.

मीही घाबरले. पन्नास वर्षं मी त्या माणसाची तोंडाळपणाबद्दल टिंगल केली, आणि आता वाटलं, हा शांत झाला तर संपलाच.

"आनी आयतारा नारळ घेवन मळ्यार वतत," वहिनी म्हणाली. "गाऱ्हाणां परतूक. पण हुंकार कोण दितलो? दोन आयतार जाले. नारळ तसोच घरा हाडतत, फोडीनांत."

पुढच्या रविवारी मी कंबरदुखीचं निमित्त काढून 'चालायला' निघाले. कुंपणाच्या फटीतून यसोदादा आधीच आत गेला होता. मळ्यावर गुडघाभर गवत. पेनल्टीच्या जागेवर कोणाचीतरी म्हैस. मी जांभळीआड उभी राहिले. माझ्यासारख्या सुशिक्षित बाईनं झाडामागून पाहावं? पाहिलं.

तो मधोमध उभा होता. छत्री काखेत, नारळ दोन्ही हातांत.

"बा माये सातेरी," आवाज बसलेला होता, "रागान उलयलंय. जीब माजी, चूक माजी..."

थांबला. सवयीनं. हुंकाराची जागा रिकामी गेली. एक कावळा ओरडला.

"कोणाक हरवचां आसात तर माका हरव. पण मळ्यार चेंडू येवं दी..."

पुन्हा थांबला. ह्या खेपेला बराच वेळ. मग त्यानं नारळ खाली घेतला, घरी न्यायला.

माझ्या तोंडून काय झालं कोण जाणे. "व्हय म्हाराजा!" आवाज असा निघाला जसा हजेरी घेताना पोरगं 'हजर' म्हणतं.

तो वळला नाही. "कोण तां?"

"मी."

"मी कोण?"

"मास्तरीण."

"बायलमनशान म्हणूचां न्हय तां."

"बरं. मग घेते परत."

 म्हशीनं शेपूट हलवलं. मग तो म्हणाला, "परत घेवक येता तर माजी ही दशा जायत काय? म्हण. पण मोट्यान म्हण. शाळेत आवाज आसलो तुजो."

मी बाहेर आले, पदर खोचला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं. एकेक वाक्य. दत्तारामाला अक्कल दे. व्हय म्हाराजा. रोहिदासाला त्याच्याहून जरा जास्त दे, त्याला जास्त लागेल. व्हय म्हाराजा. शर्टावर तुझं नाव येऊ दे. व्हय म्हाराजा.  तेवढ्यात त्यानं आवाज चढवला.

"आनी ह्या मास्तरणीन तरणेपणात पेनल्टी एरियात झाडां लायलीं..."

मी तोंड मिटून घेतलं.

तो थांबून राहिला. नारळ हातात, मान वर. हुंकाराशिवाय पुढं जायचं नाही, नियम म्हणजे नियम.

"...व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

"तां तिका माफ कर. डिचोलेची ती. तिका खबर नासली."

"व्हय म्हाराजा!"

त्यानं गोलपोस्टाच्या दगडावर नारळ सोलला, फोडला, एक वाटी मला दिली. मी निघाले. कुंपणाशी पोचल्यावर मागे पाहिलं. नारळाची सोडणं गवतात पडली होती, त्यातलं एक मोठं त्याच्या पायाशी. यसोदादानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हशीशिवाय कोणी नव्हतं. छत्री खाली ठेवली, चार पावलं मागे गेला आणि धावत येऊन त्या सोडणाला आयुष्यातली पहिली किक मारली.

सोडण गोलापासून दोन हात बाजूला गेलं.

"पाय घरा इसारलंय मरे यशवंता!" तो स्वतःवरच ओरडला, आणि मग स्वतःच्या आईचं नाव घेऊन तिनं त्याला जेवण वाढलं होतं की नाही, ते सगळ्या मळ्याला विचारलं.

मी घरी जाताना लक्ष्मीवहिनीच्या दारात थांबले आणि तिला सांगितलं, आज आमटीत हवं तेवढं मीठ घाल.